ग्राहकांचे गट पाडण्याआधी निर्णय ठरवा

समजा, एखाद्या व्यवसायाचे निम्मे ग्राहक पंचवीस वर्षांचे आहेत आणि निम्मे पंचावन्न वर्षांचे. सरासरी काढली की वय येतं चाळीस. आता चाळिशीतल्या माणसाला भावेल अशी जाहिरात करायची ठरवली, तर ती पाहणार कोण? यादीत चाळिशीचा एकही माणूस नाही. उदाहरण मुद्दाम टोकाचं घेतलं आहे. पण सगळ्यांना एकच संदेश, एकच सवलत, एकाच वेळी पाठवणारा प्रत्येक व्यवसाय थोड्याफार प्रमाणात हेच करत असतो.

सरासरी माणूस किती दुर्मीळ असतो याचा सर्वांत बोलका पुरावा मार्केटिंगच्या बाहेरचा आहे. १९५० साली अमेरिकी हवाई दलाने ४,०६३ वैमानिकांच्या शरीराची मापं घेतली. विमानातली बसण्याची जागा तोवर सरासरी मापांवर बेतली जायची. गिल्बर्ट डॅनियल्स नावाच्या तरुण संशोधकाने उंची, छाती, हाताची लांबी अशी दहा मापं निवडली आणि दहाही मापांत सरासरीच्या आसपास बसणारे वैमानिक किती निघतात ते मोजलं. उत्तर आलं शून्य. पुढे हवाई दलाने आसन मागेपुढे सरकेल, पट्टे कमी-जास्त करता येतील अशा जागा बनवून घ्यायला सुरुवात केली.

ग्राहकांच्या बाबतीत एकेकाच्या मापाचं सगळं करून देणं बहुतेक वेळा परवडत नाही, आणि सगळ्यांना एकच देणं वाया जातं. या दोन टोकांच्या मधली वाट म्हणजे ग्राहकांचे गट पाडणं. यालाच मार्केट सेगमेंटेशन म्हणतात. ज्यांची गरज, सवय किंवा प्रतिसाद एकमेकांसारखा आहे असे ग्राहक एकत्र घ्यायचे आणि प्रत्येक गटाशी त्याला साजेसं वागायचं.

एवढं ऐकलं की लोक लगेच याद्या करायला बसतात: वय, लिंग, शहर, उत्पन्न. माझं सांगणं एवढंच आहे की तिथून सुरुवात करू नका. गट आपोआप तयार होऊन आपली वाट पाहत नसतात, ते आपण पाडतो. त्याच ग्राहकांचे शंभर तऱ्हांनी गट पाडता येतात. त्यातली कुठली तऱ्हा बरोबर, हे कुठला निर्णय घ्यायचा आहे यावर ठरतं. कोणाला सवलत द्यायची, कोणाला फोन करायचा, नवं उत्पादन कोणासाठी बनवायचं, कोणाचा मेल बंद करायचा: हे चार वेगळे निर्णय आहेत आणि चौघांना लागणारे गट वेगळे असू शकतात. ज्या दोन गटांशी तुम्ही अगदी सारखंच वागणार आहात, ते दोन गट वेगळे ठेवण्यात काही अर्थ नाही.

एक गाडी सगळ्यांना

हा विचार आला कुठून हे पाहिलं की तो का लागतो तेही कळतं. फोर्ड कंपनीने १९०८ ते १९२७ या काळात मॉडेल टी ही एकच गाडी दीड कोटींहून जास्त संख्येने बनवली. १९१४ ते १९२५ पर्यंत ती फक्त काळ्या रंगात मिळायची. आज हे हट्टाचं वाटेल, पण त्या वेळी हे धोरण अचूक होतं. लोक आयुष्यातली पहिली गाडी घेत होते. गरज एकच होती: चालणारी, टिकणारी आणि परवडणारी गाडी. सगळं एकसारखं ठेवल्यामुळे किंमत वर्षागणिक खाली येत गेली.

मग पहिली गाडी घेतलेले लोक दुसरी घ्यायला निघाले, आणि त्यांच्या अपेक्षा एकमेकांपासून दूर गेल्या. जनरल मोटर्सचे आल्फ्रेड स्लोन यांनी हे ओळखलं. खाली शेव्हर्ले, वर कॅडिलॅक आणि मध्ये ओकलंड, ओल्ड्समोबिल, ब्यूइक अशी किमतीची शिडीच त्यांनी लावली. प्रत्येक खिशासाठी आणि प्रत्येक कामासाठी एक गाडी, अशा अर्थाची घोषणा कंपनीच्या १९२४ च्या वार्षिक अहवालात आहे. १९२० चं दशक संपेपर्यंत जनरल मोटर्सने फोर्डला मागे टाकलं होतं.

या कथेतून मी एक गोष्ट घेतो, आणि ती सहसा सांगितली जात नाही. गरज खरोखर एकसारखी असेल तेव्हा गट पाडण्याची गरजच नसते. गट पाडायचे ते गरजा फाकल्यावर. अगदी नव्या व्यवसायाने, ज्याच्याकडे जेमतेम शंभर ग्राहक आहेत त्याने, आठ-दहा गटांचा तक्ता करत बसू नये. त्याने त्या शंभरांशी बोलावं.

१९५६ साली वेंडेल स्मिथ यांनी 'जर्नल ऑफ मार्केटिंग'मधल्या लेखात या कल्पनेची नीट मांडणी केली. आपला माल इतरांहून वेगळा आहे हे लोकांच्या गळी उतरवणं म्हणजे मागणीला मालाकडे वळवणं, आणि सेगमेंटेशन म्हणजे मालाला मागणीप्रमाणे घडवणं, असा त्यांचा रोख होता. आजही हा भेद उपयोगी आहे, कारण अनेक ठिकाणी गट पाडले जातात आणि मग प्रत्येक गटाला तीच वस्तू फक्त वेगळ्या चित्रासह दाखवली जाते.

कोण आहेत, की काय हवंय?

गट पाडायच्या रूढ तऱ्हा भराभर सांगतो. पहिली लोकसंख्येच्या माहितीची: वय, लिंग, शिक्षण, उत्पन्न. दुसरी ठिकाणाची. तिसरी जीवनशैलीची. चौथी वागणुकीची, म्हणजे काय घेतलं, कधी घेतलं, किती वेळा घेतलं. पाचवी, ग्राहकाला त्या वस्तूतून नेमकं काय हवं आहे त्याची.

पहिल्या दोन तऱ्हा लोकप्रिय आहेत, कारण माहिती सहज मिळते. अमेरिकेत १९७४ मध्ये क्लॅरिटास कंपनीने पोस्टाच्या पिन कोडनुसार वस्त्यांचे प्रकार पाडणारी 'प्रिझम' ही पद्धत आणली आणि ती खूप चालली. एका वस्तीतल्या लोकांचं राहणीमान बहुधा सारखं असतं, हा त्यामागचा तर्क. तर्क खोटा नाही. पण शेजारी राहणारे, एकाच वयाचे, सारखं कमावणारे दोघे एकाच वस्तूकडे अगदी वेगळ्या अपेक्षेने पाहू शकतात. डॅनियल यांकेलोविच यांनी १९६४ मध्येच बजावलं होतं की वय-उत्पन्नासारख्या निकषांवर थांबू नका, ग्राहकाच्या मूल्यांकडे, आवडीनिवडींकडे, तो वस्तूत काय शोधतो याकडे पाहा.

याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण रसेल हेली यांच्या १९६८ च्या लेखात आहे. वस्तू अगदी साधी: टूथपेस्ट. त्यांनी ग्राहकांना वयाने वेगळं केलं नाही, त्यांना टूथपेस्टकडून काय हवं आहे यावरून वेगळं केलं. चार गट निघाले. एकाला चव आणि रूप हवं होतं, त्यात मुलं जास्त होती. दुसऱ्याला दात पांढरेशुभ्र दिसायला हवे होते, हा चारचौघांत मिसळणारा तरुण वर्ग. तिसऱ्याला दात किडण्याची धास्ती होती, यात मोठी कुटुंबं होती. चौथ्याला फक्त किंमत दिसत होती.

वय, कुटुंब, स्वभाव या गोष्टी इथेही आल्या, पण नंतर. आधी अपेक्षेवरून गट पाडले आणि मग प्रत्येक गटात कोण लोक आहेत ते तपासलं. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. अपेक्षेवरून गट पाडला की पुढचं काम जवळजवळ ठरूनच जातं. किडीची धास्ती असलेल्याला डॉक्टरांचा सल्ला आणि संरक्षणाबद्दल सांगायचं, पांढऱ्या दातांच्या मागे असलेल्याला हसरा चेहरा दाखवायचा. उलट '२५ ते ३४ वयोगट' एवढंच हातात असेल तर त्यांना काय सांगायचं हे त्या आकड्यांतून कळत नाही.

आणखी एक गुंता आहे. तोच माणूस वेगवेगळ्या प्रसंगी वेगवेगळ्या गटात असतो. कंपनीच्या कामासाठी विमानाने जाताना तो वेळ पाहतो, भाडं कंपनी भरते. कुटुंबासह सुट्टीला जाताना तोच माणूस भाडं पाहतो आणि दोन दिवस इकडेतिकडे झाले तरी चालवून घेतो. त्याचं वय, उत्पन्न, पत्ता काहीही बदललेलं नाही. मग त्याला ओळखायचं कसं?

विमान कंपन्यांनी काढलेली वाट अतिशय कुशल होती. अमेरिकन एअरलाइन्सने १९७७ मध्ये 'सुपर सेव्हर' नावाची स्वस्त तिकिटं आणली. अट अशी की तिकीट बरेच दिवस आधी काढायचं आणि परतीच्या आधी ठरावीक मुक्काम करायचा. कामासाठी जाणाऱ्याला हे जमत नाही, त्याची बैठक आयत्या वेळी ठरते आणि त्याला लगेच परतायचं असतं. सुट्टीवर जाणाऱ्याला सहज जमतं. कोणालाही 'तुम्ही कुठल्या गटातले' असं विचारावं लागलं नाही. अटीच अशा घातल्या की प्रत्येकाने आपला गट स्वतःच निवडला. माहिती गोळा करण्याचा खटाटोप न करता गट पाडायचे असतील तर ही पद्धत आजही सर्वांत प्रामाणिक आहे. छोटं-मध्यम-मोठं पॅकेज, घाईची आणि सावकाश डिलिव्हरी, वार्षिक आणि मासिक वर्गणी: हे सगळे पर्याय ग्राहकाला आपला गट आपणच सांगू देतात.

ग्राहक म्हणजे व्यक्ती नसून संस्था असेल तर आणखी एक पदर वाढतो. वापरणारा एक, पैसे मंजूर करणारा दुसरा, करार तपासणारा तिसरा. तिथे संस्थेचा आकार आणि उद्योग यांइतकंच खरेदीचा निर्णय कसा आणि कोण घेतं यावरून गट पाडावे लागतात.

तीन आकड्यांची पद्धत

विक्रीच्या नोंदी हाताशी असतील तर सुरुवात करायला आरएफएम (रिसेन्सी, फ्रिक्वेन्सी, मॉनिटरी) या पद्धतीइतकं सोपं दुसरं काही नाही. टपालाने कॅटलॉग पाठवून माल विकणाऱ्या कंपन्यांनी ती रुजवली. प्रत्येक कॅटलॉग छापायला आणि पाठवायला पैसे पडत, म्हणून कोणाला पाठवायचा हे नेमकं ठरवणं त्यांना भाग होतं. बघा, इथेही आधी निर्णय होता, गट त्याच्या मागून आले.

पद्धतीत प्रत्येक ग्राहकाबद्दल तीन गोष्टी पाहायच्या: शेवटची खरेदी किती दिवसांपूर्वी केली, ठरावीक काळात किती वेळा केली आणि एकूण किती रकमेची केली. प्रत्येक गोष्टीला एक ते पाच गुण द्यायचे. सगळे ग्राहक त्या गोष्टीनुसार क्रमाने लावून पाच सारखे भाग केले की गुण मिळतात. वरच्या पाचव्या भागाला पाच, खालच्याला एक. आता प्रत्येकाच्या नावापुढे तीन अंकी आकडा येतो. ५५५ म्हणजे अलीकडे आलेला, वारंवार येणारा, भरपूर खर्च करणारा. १५५ हा पाहून मात्र दचकायला हवं: हा माणूस वारंवार यायचा, भरपूर घ्यायचा आणि बऱ्याच दिवसांत फिरकलेला नाही. ५११ हा नुकताच आलेला नवखा. एकूण रकमेनुसार यादी लावली तर ५५५ आणि १५५ शेजारी-शेजारी दिसतात. पण पहिल्याचे आभार मानायचे असतात आणि दुसऱ्याला काय झालं ते विचारायचं असतं.

तिघांत सर्वांत जास्त लक्ष अलीकडच्या खरेदीवर द्यावं. जो नुकताच आला तो पुन्हा येण्याची शक्यता बहुतेक व्यवसायांत जास्त असते. इथे एक सावधगिरी हवी. तीन महिन्यांची गैरहजेरी हा धोक्याचा इशारा आहे का, हे वस्तूवर आणि त्या माणसाच्या स्वतःच्या चालीवर अवलंबून असतं. दर आठवड्याला येणारा महिनाभर आला नाही तर काहीतरी बिनसलं आहे. वर्षातून दोनदा येणारा चार महिने आला नाही तर सगळं ठीक आहे. म्हणून शक्य असेल तर गैरहजेरीचे नुसते दिवस मोजू नका, त्या ग्राहकाच्या दोन खरेदींमध्ये एरवी किती अंतर असतं त्याच्याशी तुलना करा.

दुसरा धोका आकड्यांच्या स्वभावातच आहे. गेल्या वर्षी सर्वांत वर असलेले दहा टक्के ग्राहक निवडा आणि काहीही करू नका, तरी यंदा त्यांची सरासरी खरेदी बहुधा घटलेली दिसेल. त्यातल्या काहींनी गेल्या वर्षी काही खास कारणाने जास्त घेतलेलं असतं, ते यंदा आपल्या नेहमीच्या पातळीवर येतात. तळाचे त्याच कारणाने वर सरकतात. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्ये आई-वडील आणि मुलांच्या उंचीत हीच गोष्ट दाखवली होती. हे ध्यानात नसेल तर तळाच्या गटावर केलेली मोहीम उगाच यशस्वी वाटते आणि वरच्या गटावर केलेली उगाच फसलेली.

कॉम्प्युटरने पाडलेले गट

ग्राहक लाखांत असतील आणि प्रत्येकाबद्दल वीस-तीस गोष्टी ठाऊक असतील, तर हाताने गट पाडणं अवघड जातं. तिथे क्लस्टरिंग येतं, म्हणजे एकमेकांसारखे ग्राहक शोधून त्यांचे गट पाडण्याचं काम कॉम्प्युटरवर सोपवायचं. सर्वांत प्रचलित पद्धत के-मीन्स. तिचं मूळ बेल लॅब्समधल्या स्टुअर्ट लॉइड यांच्या १९५७ च्या कामात आहे, ते छापून आलं मात्र १९८२ मध्ये. मधल्या काळात, १९६७ मध्ये, जेम्स मॅकक्वीन यांनी तिला हे नाव दिलं.

काम कसं चालतं? समजा पाच गट हवे आहेत. कॉम्प्युटर पाच मध्यबिंदू कुठेतरी ठेवतो. प्रत्येक ग्राहक ज्या मध्यबिंदूच्या सर्वांत जवळ असेल त्या गटात जातो. मग प्रत्येक गटाची सरासरी काढून मध्यबिंदू तिथे सरकवायचा. मध्यबिंदू सरकले की काही ग्राहकांना दुसरा गट जवळचा होतो, ते तिकडे जातात. पुन्हा सरासरी, पुन्हा वाटणी. कोणी जागा बदलेनासं झालं की काम संपलं.

यात जवळ-लांब ठरतं ते आकड्यांवरून, आणि इथेच पहिली चूक होते. एका रकान्यात वर्षाची एकूण रक्कम हजारांत आहे आणि दुसऱ्यात भेटींची संख्या दोन-चार-दहा अशी आहे. दोन्ही तसेच दिले तर रकमेचा आकडा इतका मोठा असतो की भेटींना काही वजनच राहत नाही. गट फक्त रकमेवर पडतात आणि आपल्याला वाटतं दोन्हींचा विचार झाला. म्हणून आधी सगळे रकाने एका मापात आणावे लागतात.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. तुम्ही पाच गट मागितले तर ही पद्धत पाच गट देतेच, मग त्या माहितीत मुळात एकही स्पष्ट गट नसला तरी. ग्राहक अखंड पसरलेले असतील, तरी ती कुठेतरी रेघा मारून देते. रंगीत आलेखावर त्या रेघा फार खऱ्या वाटतात. गट किती घ्यावेत हे ठरवायला काही मापं आहेत, उदाहरणार्थ पीटर रुसेव यांनी १९८७ मध्ये सुचवलेलं सिल्हूट. ग्राहक आपल्या गटाच्या किती जवळ आणि शेजारच्या गटापासून किती लांब आहे ते हे माप सांगतं. पण मला त्याहून साधी परीक्षा जास्त भरवशाची वाटते. ग्राहकांची यादी चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन भागांत वाटा, दोन्ही भागांवर वेगवेगळं क्लस्टरिंग करा आणि तेच गट पुन्हा येतात का ते पाहा. एका भागात आलेला गट दुसऱ्यात सापडत नसेल तर त्याच्या जोरावर पैसा खर्च करू नका.

असे गट पडले की त्यांना नावं दिली जातात, चेहरे दिले जातात. 'काटकसरी कुटुंबवत्सल', 'धावपळीतला व्यावसायिक' वगैरे. त्याने टीमला एकमेकांशी बोलणं सोपं जातं, हे खरं. पण गटाचं ते चित्र म्हणजे पुन्हा त्या गटाची सरासरीच असते, आणि वैमानिकांच्या मोजणीत सरासरीचं काय झालं ते आपण पाहिलं. चित्रातला माणूस वापरताना त्याच्या शेजारी गटातल्या चार-पाच खऱ्या ग्राहकांच्या नोंदी ठेवाव्यात, म्हणजे त्या गटातले लोक एकमेकांपासून किती वेगळे आहेत ते डोळ्यांसमोर राहतं.

कूपन कोणाला द्यायचं?

आता ज्या भागाबद्दल मला सर्वांत जास्त तळमळ आहे तिकडे वळतो, कारण पैसा सर्वांत जास्त इथे वाया जातो. बहुतेक ठिकाणी 'कोण खरेदी करेल' यावरून गट निवडला जातो. विचारायचा प्रश्न वेगळा आहे: आपण काही केल्यामुळे कोणाचं वागणं बदलेल?

समजा दोन गट आहेत. 'अ' गटात जुने, नियमित ग्राहक. 'ब' गटात अधूनमधून येणारे. प्रत्येक गटातल्या हजार जणांना सवलतीचं कूपन दिलं आणि त्याच गटातल्या दुसऱ्या हजार जणांना मुद्दाम दिलं नाही. 'अ' गटात कूपन मिळालेल्यांपैकी २०० जणांनी खरेदी केली, न मिळालेल्यांपैकी १८० जणांनी. 'ब' गटात कूपन मिळालेल्यांपैकी ६० जणांनी, न मिळालेल्यांपैकी १० जणांनी.

महिनाअखेरीच्या अहवालात 'अ' गट जिंकलेला दिसेल, २०० विरुद्ध ६०. पण कूपनमुळे झालेली वाढीव खरेदी 'अ' मध्ये फक्त २० जणांची आहे आणि 'ब' मध्ये ५० जणांची. 'अ' गटात दोनशे जणांना सवलत दिली तेव्हा कुठे वीस खरेद्या वाढल्या, म्हणजे एका वाढीव खरेदीमागे दहा सवलती. उरलेले १८० जण तसेही पूर्ण किंमत देऊन घेणारच होते. 'ब' मध्ये एका वाढीव खरेदीमागे सव्वा सवलतही पडत नाही. हे सगळं कळलं ते केवळ न दिलेल्या हजारांमुळे. त्यांच्याशिवाय हा हिशेब मांडताच येत नाही.

या दृष्टीने पाहिलं तर ग्राहक चार तऱ्हांचे दिसतात. काही जण सांगितलं तरच घेतात. काही जण सांगा, न सांगा, घेतातच. काही जण काही केलं तरी घेत नाहीत. आणि काही जण सांगितल्यामुळे दुरावतात: ज्याची वर्गणी आपोआप चालू होती आणि जो ती विसरून गेला होता, त्याला आठवणीचा मेल गेला की तो वर्गणी बंद करतो. (अशा विसरलेल्या वर्गणीवर चालणारा धंदा करावा का, हा प्रश्न मार्केटिंगचा नाही, सचोटीचा आहे, आणि माझं उत्तर नाही असं आहे.) कूपनाचा पैसा फक्त पहिल्या तऱ्हेवर खर्च व्हायला हवा. या विचाराला अपलिफ्ट मॉडेलिंग म्हणतात. त्याची गणितं पुढे बरीच अवघड होतात, पण मुळाशी आहे ती वरच्या चार आकड्यांची वजाबाकी.

फार बारीक चिरू नका

सेगमेंटेशनवर एक भक्कम आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाणं योग्य नाही. मार्केटिंगचे संशोधक अँड्र्यू एहरेनबर्ग आणि त्यांच्या परंपरेतले बायरन शार्प यांनी खरेदीच्या नोंदींवरून दाखवलं की एकाच प्रकारची वस्तू विकणाऱ्या स्पर्धक ब्रँडचे ग्राहक वय, उत्पन्न, स्वभाव यांत एकमेकांसारखेच असतात. शिवाय मोठ्या ब्रँडच्या ग्राहकांत क्वचित घेणाऱ्यांची संख्या फार मोठी असते. अशा ब्रँडने आपल्या 'खास' गटालाच धरून बसणं म्हणजे वाढीचा दरवाजा स्वतः लावून घेणं.

मला हा आक्षेप बराच पटतो, आणि त्याची मर्यादाही दिसते. सगळीकडे मिळणाऱ्या, सगळे वापरणाऱ्या वस्तूची ओळख पसरवायची असेल तर गट जितके कमी तितकं बरं. पण आधीच आपल्याकडे असलेल्या ग्राहकाशी कसं वागायचं, कोणती सेवा कोणाला द्यायची, नव्या उत्पादनात काय घालायचं, हे ठरवताना गट लागतातच. वृत्तपत्रातली मोठी जाहिरात आणि जुन्या ग्राहकाला केलेला फोन या दोन कामांना एकच नियम लागू होत नाही.

गट बारीक करत गेलं की खर्चही वाढतो. प्रत्येक गटासाठी वेगळा मजकूर, वेगळं चित्र, वेगळी तपासणी, आणि निकाल विश्वासार्ह ठरण्याइतकी माणसंही प्रत्येक गटात हवीत. वीस गट पाडून शेवटी तीनच प्रकारचे मेल लिहिले जात असतील तर खरे गट तीनच आहेत.

जिथे गट पाडणं अन्याय होतं

गट पाडणं म्हणजे काहींना आत घेणं आणि काहींना बाहेर ठेवणं. टूथपेस्टच्या जाहिरातीत त्याने कोणाचं बिघडत नाही. घर, नोकरी, कर्ज यांच्या जाहिरातीत बिघडतं. पिन कोड वरकरणी निरुपद्रवी निकष आहे, पण ज्या शहरात समाज वस्त्यांनुसार विभागलेला आहे तिथे पिन कोडवरून वगळणं म्हणजे त्या समाजालाच वगळणं. अमेरिकेत नागरी हक्क संघटनांनी याबद्दल फेसबुकवर दावे केले होते. मार्च २०१९ मध्ये झालेल्या तडजोडीत कंपनीने मान्य केलं की घर, नोकरी आणि कर्जाच्या जाहिराती वय, लिंग किंवा पिन कोडवरून नेम धरून दाखवता येणार नाहीत.

युरोपात २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या जीडीपीआर या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्याने माणसाला हक्क दिला आहे की थेट मार्केटिंगसाठी आपली माहिती वापरायला, त्यावरून आपल्याला गटात टाकायला, तो हरकत घेऊ शकतो. हरकत घेतली की ते थांबवावंच लागतं. कायदा असो-नसो, मी एक कसोटी लावतो: ग्राहकाला त्याच्या गटाचं नाव आणि त्याला त्यात का टाकलं ते दाखवलं तर आपल्याला ते समोरासमोर सांगता येईल का? येणार नसेल तर तो गट काढून टाकावा. आजारपण, कर्जबाजारीपणा, घरातलं दुःख अशा गोष्टी खरेदीवरून ताडून त्यावर गट पाडणं या कसोटीवर टिकत नाही.

सुरुवात करायची असेल तर

पुढच्या तीन महिन्यांत घ्यायचा एकच निर्णय निवडा. उदाहरणार्थ, दुरावत चाललेल्या ग्राहकांना परत कसं आणायचं. एक्सेल शीटमध्ये प्रत्येकाची शेवटची खरेदी, खरेदींची संख्या, एकूण रक्कम आणि दोन खरेदींमधलं नेहमीचं अंतर मांडा. जे आपल्या नेहमीच्या अंतराच्या दुपटीहून जास्त काळ आलेले नाहीत ते एका बाजूला काढा. त्यातल्या दहा-बारा जणांशी स्वतः बोला आणि न येण्याचं कारण विचारा. कारणं बहुधा दोन-तीन प्रकारचीच निघतात, आणि तुमचे पुढचे गट त्या कारणांवरून पडतात: ज्याला वस्तू महाग वाटली तो एक, ज्याला सेवा खटकली तो दुसरा, ज्याची गरजच संपली तो तिसरा. पहिल्याला सवलतीचा उपयोग आहे, दुसऱ्याला नाही, त्याची तक्रार सोडवावी लागेल. तिसऱ्याला शुभेच्छा देऊन यादीतून वगळा.

मोहीम करताना प्रत्येक गटातला काही भाग चिठ्ठ्या टाकून बाजूला ठेवा आणि त्यांना काहीही पाठवू नका. मोह होतो, पण ठेवाच.

तीन महिन्यांनी गट पुन्हा मोजा. माणसं एका गटात कायम राहत नाहीत, नवखा नियमित होतो, नियमित दुरावतो. जुनी यादी पुसून नवी लिहू नका. तारीख घालून दोन्ही ठेवा आणि एक छोटा तक्ता करा: आडव्या ओळीत पूर्वीचा गट, उभ्या रकान्यात आताचा, आणि प्रत्येक चौकटीत किती ग्राहक तिकडून इकडे आले त्याची संख्या. नियमित गटातून दुरावलेल्यांत गेलेल्यांची चौकट आधी वाचा आणि त्यातल्या लोकांना त्याच आठवड्यात फोन करा.